एक गबाळा, एक टापटिपीचा: फेलिक्स आणि ऑस्करचं जमलं कसं?

गेल्या अंकात बोलता बोलता 'द ऑड कपल'चं नाव घेतलं आणि तेव्हापासून त्याच विषयावरची पत्रं येतायत, म्हणून या वेळी अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत एबीसी चॅनलवर सप्टेंबर १९७० ते मार्च १९७५ अशी पाच सीझन चाललेली ही सिरियल, एकूण ११४ एपिसोड. न्यूयॉर्कच्या एका फ्लॅटमध्ये दोन घटस्फोटवाले मित्र राहतात. ऑस्कर मॅडिसन पेपरात खेळांवर लिहितो, घरात त्याचा नुसता उकिरडा असतो, आणि फेलिक्स उंगर फोटोग्राफर, ज्याला टेबलावर ग्लासचा गोल डाग दिसला तरी झोप लागत नाही. मुळात हे नील सायमनचं १९६५ चं ब्रॉडवेवरचं नाटक, मग १९६८ मध्ये सिनेमा, आणि मग ही सिरियल, जी गॅरी मार्शल आणि जेरी बेल्सन यांनी टीव्हीसाठी बसवली. ऑस्कर म्हणजे जॅक क्लुगमन, फेलिक्स म्हणजे टोनी रँडल. आता प्रश्न.

प्रश्न: ताई, सगळे केमिस्ट्री केमिस्ट्री करतात, ती नक्की असते काय? दोन उलट स्वभावाची माणसं एका घरात कोंडली की विनोद आपोआप होणारच ना? त्यात नटांचं एवढं कौतुक कशाला?

आपोआप काही होत नाही हो. एक कडक आणि एक ढिला, एक शहाणा आणि एक येडपट अशा जोड्या दर दुसऱ्या सिरियलमध्ये असतात, त्यातल्या किती तुम्हाला आठवतायत सांगा. उलट स्वभाव हा नुसता कच्चा माल आहे, तो तर लेखक कागदावरच देऊन टाकतो, खरी गंमत पुढे सुरू होते.

एक करून बघा. कुठलाही सीन लावा आणि जो बोलतोय त्याच्याकडे बघूच नका, जो गप्प आहे त्याच्याकडे बघा. या सिरियलमध्ये १९७२ चा एक एपिसोड आहे, त्यात हे दोघं 'पासवर्ड' नावाच्या खऱ्याखुऱ्या टीव्ही गेम शोमध्ये जोडीनं भाग घेतात, शोचा खरा होस्ट ॲलन लडन आणि त्याची बायको बेटी व्हाइट दोघंही स्वतःच्याच नावानं त्यात आहेत. खेळ असा की एकानं एका शब्दाचा क्लू द्यायचा आणि दुसऱ्यानं लपलेला शब्द ओळखायचा. शब्द असतो 'पक्षी'. आता तुम्ही आम्ही काय क्लू देऊ, पंख, चिमणी, उडणं असलं काहीतरी. फेलिक्स काय देतो? ॲरिस्टोफेनिस. का, तर त्या ग्रीक नाटककाराचं पक्ष्यांवर एक नाटक आहे. आणि देताना त्याच्या चेहऱ्यावर इतका विश्वास असतो की बास, जणू जगातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला हे कळलं पाहिजे. लोक हसतात ते त्या शब्दाला थोडं आणि ऑस्करच्या चेहऱ्याला जास्त. क्लुगमन काहीही वेडंवाकडं तोंड करत नाही, तो फक्त त्या माणसाकडे बघतो ज्याच्याबरोबर त्याला रोज घरी जायचंय. आणि मग फेलिक्स उलटा त्याच्यावरच वैतागतो की एवढं सोपं कसं येत नाही तुला!

इथेच माझ्या मते सगळं आलं. फेलिक्सला आपण विक्षिप्त आहोत असं एक क्षणही वाटत नाही. रँडल त्याला 'बघा मी किती मजेशीर आहे' असा करतच नाही, त्याच्या फेलिक्ससाठी टापटीप हा सवयीचा नाही तर नीतीचा प्रश्न आहे, ग्लासखाली कोस्टर न ठेवणारा माणूस त्याला खरोखर थोडासा अधार्मिक वाटतो. आणि क्लुगमनचा ऑस्कर हा आळशी व्हिलन नाही, त्याला मनापासून वाटतं की स्वतःच्या घरात माणसाला मोजे कुठेही टाकता यायला हवेत आणि त्यात चुकलं काय. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर असतात आणि प्रेक्षक मधे सापडतो, घडीत याला पटतं घडीत त्याला. एकाला जरी नटानं आतून मूर्ख ठरवलं असतं ना तर दुसऱ्या सीझनपर्यंत कंटाळा आला असता.

आणखी एक, ते म्हणजे सुटका नसणं. एपिसोडच्या सुरुवातीला निवेदक सांगतो की १३ नोव्हेंबरला फेलिक्स उंगरला घर सोडायला सांगण्यात आलं, आणि ही विनंती त्याच्या बायकोकडून आली होती. म्हणजे जायला जागा नाही. ऑस्करचं पण तेच, बायकोनं घराबाहेर काढलेलं, वर पोटगीचे चेक थकलेले. आता ऑस्कर त्याला हाकलून का देत नाही हा प्रश्न प्रेक्षकाला पडू शकतो, आणि खरंतर तो देतोही बऱ्याचदा हाकलून, पण क्लुगमनच्या ओरडण्याखाली सतत काळजी ऐकू येते. ती काळजी स्क्रिप्टमध्ये लिहिलेली नसते बरं का, ती नटानं आणायची असते. ओरडणारा माणूस आणि काळजीनं ओरडणारा माणूस यात फरक आहे, हे घरात कोणी ओरडणारं असेल तर वेगळं सांगायला नको.

प्रश्न: हे दोघं खऱ्या आयुष्यात पण तसेच होते का? की कॅमेरा बंद झाला की गळ्यात गळे?

या प्रश्नाची पत्रं सगळ्यात जास्त आलीयत, आणि उत्तर फार छान आहे म्हणून जरा लांबण लावते.

तसेच होते, बऱ्यापैकी. रँडलला ऑपेराचं अक्षरशः वेड, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं रेडिओवर प्रक्षेपण व्हायचं त्याच्या मध्यंतरातल्या क्विझमध्ये हा पठ्ठ्या बसायचा, आणि फेलिक्सचं सिरियलमधलं ऑपेराप्रेम तिथूनच आलेलं, मॅरिलिन हॉर्नसारखी खरी ऑपेरा गायिका त्यामुळेच एका एपिसोडमध्ये येऊन गेली. बोलणं एकदम शुद्ध, कपडे इस्त्रीचे, सिगरेटचा भयंकर तिटकारा. क्लुगमन फिलाडेल्फियाचा, बोलणं रस्त्यावरचं, सिगरेटवर सिगरेट आणि घोड्यांच्या रेसचा नाद. नाद म्हणजे किती, तर पुढे त्याच्या मालकीत भागीदारी असलेला घोडा, नाव जॅकलिन क्लुगमन (नावावर जाऊ नका, घोडाच होता, घोडी नव्हे), १९८० च्या केंटकी डर्बीत तिसरा आला. आता सांगा, ऑस्कर मॅडिसनला यापेक्षा वेगळं काय हवं असतं.

पण गळ्यात गळे म्हणाल तर सुरुवातीला तसं नव्हतं. एकमेकांच्या कामाबद्दल आदर प्रचंड, दोघंही रंगभूमीवरून आलेले, दोघांनी ही भूमिका आधी स्टेजवर केलेली. क्लुगमन तर ब्रॉडवेवर मूळ ऑस्कर वॉल्टर मॅथॉच्या जागी ऑस्कर म्हणून उभा राहिलेला. पण घट्ट म्हणावी अशी मैत्री सिरियल संपल्यानंतरची, आणि ती झाली आजारपणामुळे. क्लुगमनला १९७४ मध्ये घशाचा कॅन्सर निघाला, तेव्हा तो त्यातून निघाला, पण १९८९ मध्ये पुन्हा मोठं ऑपरेशन झालं, स्वरतंतू गेला आणि त्याबरोबर आवाजच गेला. नटाचा आवाज गेला म्हणजे सगळंच संपलं. रँडल त्या वेळी स्वतःची नाटक कंपनी उभी करत होता, नॅशनल ॲक्टर्स थिएटर, आणि त्यानं क्लुगमनच्या मागे लागून लागून १९९१ मध्ये त्या कंपनीच्या मदतीसाठी 'ऑड कपल'चा प्रयोग लावला. फेलिक्स रँडल, ऑस्कर क्लुगमन, ब्रॉडवेवर, आणि क्लुगमनचा तो घोगरा, हवेसारखा राहिलेला आवाज. लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यानंतर १९९३ मध्ये टीव्हीवर दोघांचं रियुनियन झालं, १९९७ मध्ये ब्रॉडवेवर 'द सनशाइन बॉईज' केलं. रँडल २००४ मध्ये गेला, आणि पुढच्याच वर्षी क्लुगमनचं पुस्तक आलं, पूर्ण पुस्तक या मैत्रीवर. २०१२ मध्ये तोही गेला.

हे सगळं वाचून डोळे पाणावतात ते ठीकच आहे पण माझा मुद्दा वेगळा आहे. पडद्यावर त्यांचं जे जमलेलं तुम्ही बघता ते या मैत्रीच्या आधीचं आहे. म्हणजे मैत्री होती म्हणून केमिस्ट्री झाली असं नाही म्हणता येत, उलट मला तर वाटतं पाच वर्षं एकमेकांचं इतकं कान देऊन ऐकल्यामुळे नंतर मैत्री झाली असेल.

प्रश्न: म्हणजे नट एकमेकांना आवडले नाहीत तरी चालतं? मला पटत नाही. खोटेपणा दिसतोच.

नाही दिसत, काय करणार. 'आय लव्ह लुसी' घ्या, १९५१ ची. लुसी-रिकी ही मुख्य जोडी, ती खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको, ल्युसिल बॉल आणि डेझी अर्नाझ. पण शेजारचं म्हातारं भांडकुदळ जोडपं, फ्रेड आणि एथेल, विल्यम फ्रॉली आणि व्हिव्हियन व्हान्स, ते बघताना वाटतं यांचं लग्न होऊन तीस वर्षं झाली असतील, कुरकुर अगदी मुरलेली. प्रत्यक्षात त्या दोघांचं अजिबात पटायचं नाही. फ्रॉली तिच्याहून तब्बल २२ वर्षांनी मोठा आणि तिला याच गोष्टीचा राग की एवढ्या म्हाताऱ्याची बायको मला का केलं, हे म्हणे त्याच्या कानावर गेलं आणि मग काय, संपलंच. सिरियल संपल्यावर या दोघांना घेऊन वेगळी सिरियल काढायचा बेत होता, व्हान्सनं साफ नाही म्हणून सांगितलं. आणि हीच व्हान्स सहायक अभिनेत्रीची एमी (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार) मिळवून बसलेली, याच भूमिकेसाठी!

तर खोटेपणा का दिसला नाही? कारण लेखकांनी त्यांना प्रेम करायलाच सांगितलं नव्हतं, कुरकुर करायला सांगितलं होतं. आतमधला वैताग आणि बाहेरचा वैताग एकाच दिशेनं वाहत होता. हेच दोघं जर नवपरिणित म्हणून उभे केले असते तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं, तेवढं मान्य.

प्रश्न: स्क्रिप्ट चांगली असेल तर कुणीही चांगला नट चालेल असं माझं मत आहे. नील सायमनची वाक्यं आहेत शेवटी, ती कोणीही म्हटली तरी हसू येणारच.

याचं उत्तर माझ्याकडे नाही तर एबीसीकडेच आहे, त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या पैशानं करून बघितला. १९८२ मध्ये 'द न्यू ऑड कपल' आणली, रॉन ग्लास फेलिक्स, डिमंड विल्सन ऑस्कर. दोघंही कसलेले विनोदी नट, आधीच्या गाजलेल्या सिरियलमधून आलेले, आणि काही एपिसोड तर चक्क जुन्याच सिरियलच्या स्क्रिप्टवर पुन्हा केले. १९८३ मध्ये बंद, १८ एपिसोडमध्ये. वाक्यं तीच, फ्लॅट तसाच, भांडण तेच. ग्लास आणि विल्सन वाईट नट नव्हते हे परत सांगते, पण तुलना डोक्यावर घेऊन उभं राहिलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकायला उसंत मिळत नाही, असं आपलं मला वाटतं.

मात्र तुमच्या बाजूनंही एक आहे. हीच भूमिका वेगवेगळ्या जोड्यांनी वेगवेगळी करून यशस्वी केलीय. नाटकात मॅथॉ आणि आर्ट कार्नी (हा कार्नी म्हणजे 'हनीमूनर्स'मधला एड नॉर्टन, जॅकी ग्लिसनचा शेजारी, म्हणजे जोडीचा विनोद कोळून प्यायलेला माणूस), सिनेमात मॅथॉ आणि जॅक लेमन. १९८५ मध्ये स्वतः सायमननं बायकांचं व्हर्जन लिहिलं, ऑलिव्ह आणि फ्लॉरेन्स, रीटा मोरेनो आणि सॅली स्ट्रदर्स. आता लेमनचा फेलिक्स बघा आणि रँडलचा बघा. लेमनचा खचलेला आहे, सिनेमा सुरूच होतो तो हॉटेलात जीव द्यायला निघालेला असतो तिथून, त्यामुळे मॅथॉला त्याची कीव आणि राग असं दोन्ही खेळावं लागतं. रँडलचा फेलिक्स ताठ आहे, जगाला सुधारायला निघालेला, मग क्लुगमनचा ऑस्करही बदलतो, तो बंडखोर पोरासारखा होतो. म्हणजे स्क्रिप्ट चांगली असेल तर अनेक जोड्या चालतील हे खरं, पण 'कुणीही' नाही चालणार, आणि एका जोडीतला अर्धा उचलून दुसरीकडे चिकटवला तर हमखास फसणार.

कास्टिंगचा किस्सा माहितीय का? रँडलला म्हणे ऑस्कर म्हणून मिकी रूनी हवा होता. गॅरी मार्शल क्लुगमनसाठी अडून बसले, आणि का, तर त्यांनी त्याला 'जिप्सी' या म्युझिकलमध्ये एथेल मर्मनसमोर बघितलेलं. मर्मन गाताना तोंडातून थुंकी उडायची, सगळी समोर उभ्या क्लुगमनच्या अंगावर, आणि हा बाबा पापणीसुद्धा न हलवता तिचं गाणं ऐकत उभा. मार्शलनी ओळखलं, हाच. मला हा किस्सा भयंकर आवडतो कारण त्यात क्लुगमन काहीच करत नाहीये!

प्रश्न: पहिल्या सीझनमध्ये हसण्याचा आवाज फार नकली वाटतो आणि पुढे नाही वाटत. माझा भास आहे का?

भास नाही, कान चांगले आहेत तुमचे. पहिला सीझन सिनेमासारखा एका कॅमेऱ्यावर शूट केला आणि हसणं नंतर टेपवरून चिकटवलं. दोघांनाही ते अजिबात आवडायचं नाही. दुसऱ्या सीझनपासून तीन कॅमेरे आणि समोर खरे प्रेक्षक, आणि फरक नुसता आवाजात नाही पडला, दोघांचा वेगच बदलला. समोर माणसं हसत असली की नट थांबतो, हसू ओसरायच्या किंचित आधी पुढचं वाक्य टाकतो, दुसरा त्या थांबण्यात काहीतरी छोटं करून घेतो. रँडल तर मध्येच सायनस साफ करायचा तो हंबरल्यासारखा आवाज काढायचा. टेपवरच्या हसण्यासाठी काय थांबणार, ते किती वेळ येणार हे एडिटर ठरवतो ना.

प्रश्न: दोघांत भारी कोण? घरी वाद झालाय, निकाल द्या.

एमी बघायच्या तर क्लुगमन दोन, १९७१ आणि १९७३, रँडल एक, १९७५, आणि ती मिळेपर्यंत सिरियल बंद पडलेली. माझं मत विचाराल तर काम अवघड रँडलचं होतं आणि काम जास्त चांगलं क्लुगमनचं. घरातला वाद आता आणखी वाढला असेल, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न: सगळी उदाहरणं परदेशातलीच का देता? आपल्याकडे अशा जोड्या झाल्याच नाहीत का?

झाल्या की. मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींच्या कथांवरून केलेला चिमणराव आठवा, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एक किडकिडीत, भित्रा, जगाला घाबरून असलेला, दुसरा धिप्पाड, सोटा घेऊन जगाला घाबरवायला निघालेला. बघताना वाटायचं चिमणरावाला गुंड्याभाऊची गरज आहे, पण कर्वे ज्या पद्धतीनं चिमणरावाकडे बघायचे त्यावरून कळायचं की या आडदांड माणसालाही कौतुक करायला कोणीतरी हवंय. पुन्हा तेच, गप्प असलेल्याकडे बघा.

आणि 'तू तू मैं मैं'. रीमा लागू सासू, सुप्रिया पिळगांवकर सून, दिग्दर्शन सचिन पिळगांवकर. दोघींच्या वयात जेमतेम नऊ वर्षांचं अंतर! तरी सासूच वाटायची. ती सिरियल चालली कारण सासू दुष्ट नव्हती आणि सून गरीब गाय नव्हती, दोघी सारख्याच चलाख, सारख्याच हट्टी, आणि एक डाव हरला की दुसरीचं मनातल्या मनात कौतुक करायच्या. म्हणजे इथे विरोध स्वभावाचा नव्हताच मुळी, जागेचा होता. नंतर हिंदीत सासू-सुनांच्या ज्या सिरियली आल्या त्यात हे कौतुकच गायब झालं, आणि विनोदही.

'जी मंत्रीजी' पण घ्या, २००१ ची, ब्रिटिश 'येस मिनिस्टर'चं अधिकृत हिंदी रूप, फारूख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. मूळ सिरियल १९८० ची, त्यात नायजेल हॉथॉर्नचा सचिव सर हम्फ्री अर्धा मिनिट न थांबता एकच वाक्य बोलतो, कुणाला काही कळत नाही, आणि पॉल एडिंग्टनचा मंत्री नुसता बघत राहतो. ती सिरियल आणि तिचा पुढचा भाग 'येस, प्राइम मिनिस्टर' मिळून हॉथॉर्नला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार चार वेळा मिळाला, एडिंग्टनला एकदाही नाही, आणि हे वाचलं की मला अजून राग येतो. लांबलचक वाक्य पाठ करून म्हणणं अवघड आहे, कबूल, पण ते ऐकताना मंत्र्याच्या चेहऱ्यावर आधी समजल्याचा आव, मग शंका, मग घाबरणं, आणि शेवटी हे आपल्याला समजलं नाही हे लपवायची धडपड, हे सगळं एकाही शब्दाशिवाय करायचं! ते काढून टाका, हम्फ्रीचं वाक्य म्हणजे नुसतं सरकारी परिपत्रक उरेल. शेखसाहेबांनी हिंदीत तो भोळेपणा फार गोड केला होता, ती सिरियल अजून जास्त लोकांनी बघायला हवी होती.

प्रश्न: आम्ही हौशी ग्रुप आहोत, दोन पात्रांची विनोदी एकांकिका बसवतोय, मी तापट आणि माझा मित्र शांत. प्रत्येकाचे डायलॉग छान पाठ आहेत पण दोघं एकत्र आलो की मजाच येत नाही. दिग्दर्शक म्हणतो केमिस्ट्री नाही. ती आणायची कशी?

तुमच्या पत्रातच उत्तर आहे, 'प्रत्येकाचे' डायलॉग पाठ आहेत. तुम्ही दोघांनी आपापली वाक्यं पाठ केलीत, समोरच्याचं वाक्य तुमच्यासाठी फक्त आपली वेळ कधी येते ते कळायची घंटा झालंय.

एक तालीम अदलाबदल करून करा, तुम्ही शांत, तो तापट. नाटकात असं करायचं नाहीये, पण तापट माणसाला समोरचा शांतपणा किती चीड आणतो आणि शांत माणसाला तो आरडाओरडा नक्की कुठे बोचतो ते अंगावर घेतल्याशिवाय समजत नाही. मग परत आपापल्या जागी या आणि दर भांडणात एक जागा अशी शोधा जिथे समोरचा बरोबर आहे हे तुमच्या पात्राला आतून कळतं पण ते कबूल करत नाही. तेवढी एक जागा सापडली तरी सीन हलतो.

आणि तापटपणा जरा कमी करा. विरोध दाखवायच्या नादात दोघं टोकाला जातात, तापट सतत किंचाळतो, शांत पुतळा होतो, मग दोघांत देणंघेणंच उरत नाही. ऑस्कर कितीतरी वेळा एकदम हळू आवाजात बोलतो, आणि फेलिक्स संतापला की ऑस्करपेक्षा मोठ्यांदा ओरडतो. 'ऑड कपल'चा शेवटचा एपिसोड मिळाला तर जरूर बघा. फेलिक्सचं त्याच्या बायकोशी पुन्हा लग्न ठरतं आणि तो घर सोडून निघतो. निघताना ऑस्करला मानवंदना म्हणून काय करतो, तर कचऱ्याची टोपली स्वतःच्या हातानं जमिनीवर उपडी करतो, फेलिक्स! आणि ऑस्कर म्हणतो, माझी मानवंदना म्हणून मी हे साफ करीन. फेलिक्स गेला की ऑस्कर त्या कचऱ्याकडे बघतो, आपण काही हे साफ करणार नाही म्हणून सांगतो आणि निघून जातो. मग दार उघडतं, फेलिक्स परत येतो, मला माहीतच होतं म्हणतो आणि आवरायला लागतो. बघा, दोघांनी क्षणभर एकमेकांचा स्वभाव घालून बघितला आणि दोघंही आपल्या मूळ स्वभावावर परत आले. तुमच्या एकांकिकेतही अशी अदलाबदल एखाद्या क्षणापुरती कुठे करता येते का बघा. लेखकाची परवानगी घेऊन मात्र.

प्रश्न: एवढं वाचून बघावीशी वाटतेय. कुठून सुरू करू?

दुसऱ्या सीझनपासून. पहिला नंतर कधीतरी बघा, गोष्ट काही अडत नाही. 'पासवर्ड'वाला एपिसोड लवकर बघा, आणि बिली जीन किंग आणि बॉबी रिग्ज हे टेनिसवाले ज्यात आहेत तो १९७३ चा. ऑस्करची सेक्रेटरी मर्ना म्हणजे पेनी मार्शल, गॅरी मार्शलची सख्खी बहीण, तिच्याकडेही लक्ष ठेवा, तिचा तो रडका आवाज ऐकून ऑस्करचा जो चेहरा होतो तो वेगळाच प्रकार आहे. आणि ऑस्करची घटस्फोटित बायको ब्लँच ज्या एपिसोडमध्ये येते ते चुकवू नका, ते काम क्लुगमनच्या खऱ्या बायकोनं केलंय, ब्रेट सोमर्सनं, आणि १९७४ मध्ये ते दोघं खरंच वेगळे राहायला लागले. त्या दोघांची भांडणं बघताना आता तुम्ही काय बघाल ते मला पुढच्या पत्रात कळवा.